लागू नसेल ते खोडा

"धरा जरा," म्हणत मी दारातल्या माणसाच्या हातात बाळ दिलं आणि हात धुवायला वळले. नव्या बाळाचा मामा येणार होता, हाच तो असं मी धरून चालले.

मागून हळूच आवाज आला, "अठरा... एकोणीस... वीस. बरोबर."

"काय बरोबर?"

"वीस सेकंद हात धुतलेत. मी पाळणाघरांचा तपासनीस." बाळाने त्याचा चष्मा ओढून तोंडात घातला होता. "चष्मा मात्र स्वच्छ नाही. ही चूक माझी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझा परवाना महिनाअखेरीस संपत होता. तीन भेटी, शंभर गुण. पंचाहत्तरच्या खाली घसरले की सोळा मुलांच्या या घराला कुलूप.

निरीक्षण चालू असताना तपासनीसाने बोलायचं नाही, खेळायचं नाही, हा त्यांचा नियम. कोपऱ्यातल्या वीतभर खुर्चीत तो बसला – गुडघे पार कानाशी – आणि लिहू लागला. एक साडेतीन वर्षांची चिमुरडी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"तुला शिक्षा केली?"

तो गप्प.

"कोणाला चावलास?"

त्याचे ओठ थरथरले. मी पटकन पाठ फिरवली, पण माझे हलणारे खांदे त्याने टिपले असणारच.

"देव कुठल्या रूपात येईल सांगता येत नाही बाई," आतून आत्या म्हणाली. ती मुलांचा स्वयंपाक बघते आणि माझ्या लग्नाची काळजी वाहते. "पण एवढ्याशा खुर्चीत येईल असं वाटलं नव्हतं."

"आत्या, तो ऐकतोय."

"ऐकू दे की. त्याला बोलायची बंदी आहे, ऐकायची नाही."

दुसऱ्या भेटीत निरीक्षण संपलं तरी तो दारात रेंगाळला.

"मुलांना झोपवताना तुम्ही गुणगुणता. ते कुठल्या रकान्यात बसत नाही."

"मग बंद करू?"

"नको..." कान लाल करत तो म्हणाला, "म्हणजे – मी रकाना शोधतो."

तिसऱ्या भेटीत सगळे गुण मांडून झाले. शेवटच्या पानावर त्याचं पेन अडलं. त्याने कागद माझ्याकडे फिरवला. 'केंद्रातील कोणाशी नाते / मैत्री / व्यवहार आहे काय? होय किंवा नाही लिहा. वरीलपैकी लागू नसेल ते खोडा.'

"आधी दोनदा 'नाही' लिहिलंय तुम्ही," मी म्हणाले.

"पहिल्यांदा ते खरं होतं."

मी हातातल्या दुपट्याची उलटीच घडी घातली.

"'होय' लिहिलं तर माझे गुण रद्द. मग आमच्या मोठ्या बाई येतील, त्या उशीच्या अभ्र्याची शिवणसुद्धा उसवून बघतात." त्याची नजर कागदावरून हलत नव्हती. "तुम्ही 'काही नाही' म्हणालात, तर 'नाही' लिहून जातो. ब्याऐंशी गुण पडलेत."

ब्याऐंशी. शेजारच्या खोलीत सोळा मुलं शांत झोपली होती. आत्याच्या पळीचा आवाजही थांबला होता.

"काही नाही..." मी म्हणाले. त्याने मान डोलावून पेन टेकवलं. "...असं म्हटलं तर खोटं होईल. आणि खोट्या कागदावर मला मुलं सांभाळायची नाहीत. 'होय' लिहा."

त्याने लिहिलं. 'होय'चा 'य' भलतीकडेच गेला. मग अगदी सरकारी आवाजात त्याने विचारलं, "आणि 'नाते, मैत्री, व्यवहार' यातलं खोडू काय?"

"मैत्री," मी फरशीकडे बघत म्हणाले. "आणि... व्यवहार."

"पावला गं बाई," आतून आत्या म्हणाली आणि पळी पुन्हा सुरू झाली.

पुढच्या आठवड्यात मोठ्या बाई आल्या. त्यांनी खरंच शिवणी तपासल्या, पाणी चाखलं, खेळण्यांचा वाससुद्धा घेतला. निकाल लागेपर्यंत त्याला आत पाऊल टाकायची मनाई होती.

परवाना मिळाला. गुण एकोणऐंशी. तीन कुठे गेले म्हणून मी शेरा वाचला: 'संचालिकेचे मुलांवर उत्तम लक्ष आहे. मात्र दर दहा मिनिटांनी ते फाटकाबाहेर विनाकारण उभ्या असलेल्या आमच्याच तपासनीसाकडे जाते.'