रंग वाळेपर्यंत

गाडी बघायला येणारा माणूस रविवारी यायचा होता, तो शनिवारीच उगवला. त्या वेळी गाडी दाखवण्याच्या अवस्थेत नव्हती, आणि ती दाखवणारी स्वतः तर मुळीच नव्हती.

केसांना जुना टॉवेल गुंडाळलेला, तोंडावर मास्क, हातात रबरी मोजे आणि अंगात बाबांचा कॉलर विरलेला शर्ट. ओसरीभर वर्तमानपत्रं पसरून त्यावर तिने गाडीच्या आतलं सगळं प्लास्टिक मांडून ठेवलं होतं — दारांची पॅनेलं, डॅशबोर्डच्या पट्ट्या, गिअरभोवतीची चौकट, पुढच्या कप्प्याचं झाकण. अंगणातली गाडी बोळकं वासून बसलेल्या म्हातारीसारखी दिसत होती.

"मालक आहेत का?" फाटकातून आवाज आला.

"झोपलेत," ती मागे न बघताच म्हणाली. "काय काम होतं?"

"गाडी बघायची होती. तुम्ही रंगाचं काम करता वाटतं?"

"सध्या तरी. एरवी कवळ्या बनवते."

पलीकडून हसू ऐकू आलं, दाबलेलं पण न दबलेलं. तिने वळून पाहिलं. उंच, किंचित पोक काढून उभा, दोन्ही हातांवर ओरखडेच ओरखडे... आणि डोळे असे, की त्यांच्यासमोर माणसाने डोक्यावरचा टॉवेल जरा नीट करावा. तिने तो केला.

तो जनावरांचा डॉक्टर निघाला. नुकताच बदलून आलेला. आजूबाजूच्या गावांत फिरायचं तर गाडी हवी, आणि नवी घेण्यापेक्षा चालती जुनी बरी, असा त्याचा हिशेब होता. तिनेही मग आपली बाजू सांगितली. गाडी बाबांची. जमीन मोजणीच्या नोकरीत त्यांचं अर्धं आयुष्य या गाडीत गेलं. आता काचबिंदूने त्यांची नजर पार अधू झाली होती, आणि ती ज्या दातांच्या लॅबमध्ये काम करायची ती दोन गल्ल्या सोडून; तिने गाडी शिकण्याची तसदीच कधी घेतली नव्हती. गाडी उन्हात उभी राहून राहून आतलं प्लास्टिक पांढरं पडलं, डाग आले. गॅरेजवाला म्हणाला, सगळं नवं टाका. ती म्हणाली, मी दिवसभर लोकांच्या दातांचे रंग जुळवते, मला हा एक करडा जुळवता येणार नाही?

"कुठला करडा आहे हा?" त्याने विचारलं.

"चहा फार पिणाऱ्याच्या सुळ्याचा, त्यात थोडा काळा."

तो वाकून झाकणाकडे निरखून बघू लागला. आणि मग त्याने तेच केलं, जे ताज्या रंगासमोर उभा राहिलेला कुठलाही पुरुष करतो. "वाळलाय का?" असं विचारत त्याने पंजा टेकवला.

वाळला नव्हता.

झाकणावर पाच बोटं उमटली, अगदी नखांसकट. तिने डोळे मिटून घेतले. तो इतका ओशाळला की तिला ओरडताही येईना. शेवटी त्यानेच सांगून टाकलं, की हे मी निस्तरतो. उद्या संध्याकाळी येतो, काय घासायचं ते दाखवा.

"कशाला? गाडी तुम्ही अजून घेतलेली नाही."

"पण खराब तर केलीय," तो म्हणाला.

तर असा तो येऊ लागला.

तिने त्याला सगळं पहिल्यापासून शिकवलं. आधी साबणाने धुवायचं, मग स्पिरिटने पुसायचं, कारण वर्षानुवर्षांचा हातांचा तेलकटपणा प्लास्टिकमध्ये मुरलेला असतो आणि त्यावर रंग धरत नाही. मग ओला पॉलिश पेपर, हलक्या हाताने. मग प्लास्टिकचा प्रायमर. आणि रंगाचे हात पातळ द्यायचे, एकावर एक, मधे वाळायला वेळ देत. घाई केली की ओघळ आलाच. तो शहाण्या मुलासारखा मान डोलवायचा आणि भलतंच काहीतरी विचारायचा. तुम्ही मास्क लावून हसता तेव्हा कळतं हे तुम्हाला माहीत आहे का, वगैरे. त्याला एक गमतीची सवय होती. पॅनेलची एखादी क्लिप निघेना झाली, की तो तिला थोपटून म्हणायचा, "शांत, शांत... काही होत नाही." आणि ती क्लिप खरंच निघायची. हे ऐकलं की तिला हाताशी असलेल्या कामाकडे फार बारकाईने बघावं लागे.

एकदा तिने बोलता बोलता विचारलं, की कुत्री-बित्री गाडीतूनच नेणार का.

"नेणारच की."

"माझ्या या रंगावर त्यांची नखं?"

"कुत्री मागे बसतील," तो म्हणाला. "पुढची सीट... रिकामी असते."

तिने ऐकलं, आणि न ऐकल्यासारखं करून स्प्रेचा डबा जोरजोरात हलवायला घेतला. डब्यातली गोळी खडखडत राहिली. आत खाटेवर बसलेले बाबा खाकरले.

बाबांना गाडी विकणं पसंत नव्हतं, पण तसं ते बोलले नव्हते. त्यांनी डॉक्टरचं नाव 'गिऱ्हाईक' ठेवलं होतं. संध्याकाळ झाली की विचारायचे, "गिऱ्हाईक आलं नाही अजून?" मग तो आला की त्याला जुन्या रस्त्यांच्या गोष्टी सांगायचे, तो घासता घासता ऐकायचा आणि पुढचं वळण विचारायचा. तिने या सगळ्या गोष्टी शंभरदा ऐकल्या होत्या. पण बाबांना असं रंगात येऊन बोलताना तिने कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं.

एका संध्याकाळी ध्यानीमनी नसताना सर आली. पॅनेलं अंगणात वाळत होती. दोघं धावले. ती दोन पॅनेलं छातीशी धरून ओसरीवर आली आणि वळून बघते तो काय, डॉक्टर आपला शर्ट काढून उरलेल्या पॅनेलवर छपरासारखा धरून पावलं मोजत येतोय. स्वतः नखशिखांत भिजलेला, पॅनेल कोरडं. "याला दमट हवा चालत नाही ना," तो धापा टाकत म्हणाला, "तुम्हीच सांगितलं होतं." त्याच्या कानाच्या पाळीवरून पाणी ठिबकत होतं. तिने बाबांचा कोरडा सदरा त्याच्यापुढे धरला आणि मान दुसरीकडे वळवली... पण वळवायला जरा उशीरच झाला, हे दोघांनाही कळलं.

मग एके दिवशी शेजारच्या काकू आपली मांजर दवाखान्यात दाखवून आल्या आणि फाटकातूनच कौतुक सांगू लागल्या. डॉक्टर किती गुणी, हात किती हलका. "आणि दवाखान्याने त्याला गाडी दिलीय हं. पांढरी, कोरी करकरीत. झाले की आता पंधरा-वीस दिवस."

तिच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. गाडी मिळाली होती. म्हणजे ही गाडी त्याला नकोच होती. मग रोज येऊन बसणं, पुढच्या सीटच्या गोष्टी — ही काय थट्टा होती? नवख्या गावात संध्याकाळ घालवायला बरी जागा? तिला त्याच्यापेक्षा स्वतःचाच जास्त राग आला. त्या दिवशी तो आला तेव्हा डोकं दुखतंय असं सांगून ती बाहेरच आली नाही. आणि पडद्यांच्या कापडाचा एक व्यापारी मागे गाडीची चौकशी करून गेला होता, त्याला तिने रविवारी या म्हणून कळवलं.

एकटीने तिने सगळं जागच्या जागी बसवलं. काम सुरेख झालं होतं. पण बघून जितका आनंद व्हायला हवा होता, तितका काही झाला नाही.

रविवारी व्यापारी आला, गाडीत बसला, डॅशबोर्डवरून हात फिरवून खूश झाला. एवढ्यात फाटक वाजलं. डॉक्टर. गाडी जोडलेली, आत परका माणूस... तो जागीच थबकला.

बाबा ओसरीवर खुर्चीत होते. पावलांवरून त्यांनी ओळखलं.

"काय गिऱ्हाईक, एकदाचं सांगा. गाडी हवी की नको?"

"नको," तो म्हणाला.

ती कामाच्या आवाजात म्हणाली, "मग प्रश्नच मिटला. यांना हवी आहे."

"मी आधीच सांगायला हवं होतं," तो तिच्याकडे बघत म्हणाला. त्याचा आवाज खाली गेला होता. "दवाखान्याची गाडी आली त्याच दिवशी सांगायला निघालो होतो. फाटकापर्यंत आलो. तुम्ही म्हणालात, बरं झालं आलात, हे जरा धरा. मी धरलं. आणि मग... सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी यायला काही कारणच उरलं नसतं. मी थट्टा करत नव्हतो. मला तुमच्याशिवाय संध्याकाळ सरत नाही, एवढंच आहे."

व्यापारी स्टिअरिंग धरून समोर बघत राहिला, जणू हमरस्त्यावर गाडी चालवतोय.

तिला रागावायचं होतं. तिने तशी तयारीही केली होती. पण तिच्या तोंडून निघालं भलतंच.

"डाव्या दाराचं पॅनेल," ती म्हणाली, "पहिल्याच वेळी नीट झालं होतं. ओघळ आला म्हणून मी तुम्हाला सांगितलं ना... ओघळ नव्हता. तुम्ही गेल्यावर मीच ते घासून टाकलं. दोनदा."

"तीनदा," बाबा म्हणाले. "मला दिसत नाही. ऐकू येतं."

तिचा चेहरा लाल झाला. डॉक्टर हसू लागला, तो त्या पहिल्या दिवसासारखा दाबून नाही, तर मोकळा, पाठ ताठ करून. व्यापाऱ्याने खिडकीतून हळूच डोकं बाहेर काढलं आणि विचारलं, की गाडी द्यायची आहे ना, का मी उतरू?

उत्तर बाबांनी दिलं. त्यांनी खिशातून किल्ली काढली, अंगठ्याने जरा वेळ चाचपली आणि हात पुढे केला. "न्या," ते म्हणाले. "सावलीत उभी करा म्हणजे झालं." मग चहाचं आपणच बघतो असं म्हणून भिंतीच्या आधाराने ते आत गेले, इतर वेळी ते कधी स्वयंपाकघरात जात नसत.

गाडी गल्लीच्या टोकाशी वळून दिसेनाशी झाली. ओसरीवर वर्तमानपत्रं नव्हती, डबे नव्हते, घासायला काहीच उरलं नव्हतं. दोघं फाटकाशी उभे होते, मधे हातभर अंतर ठेवून. मग ते अंतर कसं कोण जाणे कमी झालं, आणि त्याचा ओरखड्यांचा हात तिच्या हाताला लागला. तिने आपला हात काढून घेतला नाही.

"पंचाईत झाली," तो म्हणाला. "उद्या येताना आता काय कारण सांगू?"

आत भांडी पडल्याचा आवाज झाला, बाबा कपाटं धुंडाळत होते.

"काही सांगू नकोस," ती म्हणाली. "नुसता ये."