वैशाखात चढणारी विहीर

भूजल संशोधन संस्थेच्या ग्रंथालयाच्या दारावर हेतुमापक बसवून एकोणनव्वद दिवस झाले होते, आणि ग्रंथपाल प्रमिला हुद्दार यांना त्या डब्याचा अगदी वीट आला होता. माणूस आत शिरला की वर आकडा उमटायचा. बहुतेकदा शून्यच.

"बाई, मेंदूत गरज एकीकडे जागी होते आणि जिज्ञासा दुसरीकडे. हा डबा फक्त जिज्ञासा मोजतो," डॉ. नाफडे म्हणाले. यंत्र त्यांचं, संस्थेने त्यांना तीन महिन्यांसाठी बाहेरून बोलावलं होतं. "गरजेपुरतं उत्तर उत्तरयंत्र घरबसल्या देतं. त्यासाठी ग्रंथालय कशाला, असं संस्थेचं म्हणणं. नव्वद दिवसांत एक जरी वाचक ऐंशीच्या वर गेला, तर दार उघडं राहील. नाहीतर सगळ्या वह्या लगद्याला."

"किती आले?"

"दोनशे बारा. कुणाला प्रबंधावर तुमचा शिक्का हवा, कुणाला गार हवा. एक गृहस्थ तर रोज झोपायला येतात."

"पटवर्धनकाका. झोपू द्या हो, घरी नातवंडं डोळा लागू देत नाहीत."

नाफडे जरा ओशाळले. "एक आकडा आहे तसा. रोज सकाळी आठला, ब्याण्णव. तुमचा. पण कर्मचारी मोजायचे नाहीत, असा नियम आहे. वाचता तरी काय एवढं?"

"विहिरींच्या जुन्या नोंदवह्या. वैशाखात सगळ्या विहिरी तळ गाठतात, आणि वाळकेवाडीच्या एका विहिरीचं पाणी दोन हात चढतं. सलग अकरा वर्षं! का, ते नोंदणाऱ्याने लिहिलेलं नाही. आता बारावं वर्ष काढलंय."

बोलता बोलता बाई थांबल्या. निवृत्तीला आठ महिने उरले होते. त्याच दुपारी त्यांनी राजीनामा दिला, आणि संचालकांनी चहा संपायच्या आत तो मंजूरही केला.

दुसऱ्या, म्हणजे शेवटच्या नव्वदाव्या दिवशी आठला बाई वाचक म्हणून आत आल्या. आकडा उमटला: तीन.

"अहो, असं कसं?"

"आज तुम्ही विहिरीसाठी नाही आलात, बाई," नाफडे हळूच म्हणाले. "ग्रंथालय वाचवायला आलात. ती गरज झाली."

तेलही गेलं, तूपही गेलं. बाई इतक्या दमल्या होत्या की त्यांना रडूसुद्धा येईना. आता करण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून त्यांनी बाराव्या वर्षाची वही उघडली. पाच वाजता नाफडे बाहेर व्हरांड्यात स्टुलावर चढले आणि डब्याचा पहिला स्क्रू फिरवू लागले.

"अगंबाई!" आतून आवाज आला. "असं होतं होय! उत्तरयंत्राला कितीही प्रश्न विचारले असते, तरी हे हाती आलं नसतं."

नाफडे हातातला पेचकस तसाच धरून खाली उतरले आणि आत धावले. "का चढत होतं हो पाणी?"

बाईंनी मान वर केली. दारात एका स्क्रूवर वाकड्या लटकलेल्या डब्यावर चौऱ्याण्णव आकडा उमटला होता.

"डॉक्टर, तुम्ही संस्थेचे कर्मचारी नाही ना?"

"नाही. पण पाणी का चढत होतं?"

बाईंनी सवयीने वाचकांची नोंदवही त्यांच्यापुढे सरकवली.

"आधी नाव लिहा. मग सांगते."