ओढदर एकसष्ट

त्या तिमाहीतही ओढदर एकसष्टवर होता, आणि एम.ए.च्या वर्गात कुणी दांडी मारत नव्हतं. मारून जायचं कुठे? प्राध्यापिका कारखानीस ‘समकालीन समष्टी अर्थधोरणाचे प्रश्न’ हा पेपर शिकवायच्या, मुलं लिहून घ्यायची आणि तास संपला की उठायची. पूर्वी म्हणे याच वर्गात महागाईवरून भांडणं जुंपायची, एकदा तर कुणीतरी डस्टर फेकून मारलं होतं. विदुला चौगुलेला ते खरं वाटत नसे. डस्टर फेकण्याइतकं महागाईत काय आहे, हे तिला कळत नव्हतं.

ओढदर म्हणजे काय, हे आता शाळकरी पोरंही सांगतात. वस्तू थोड्या आणि त्या हव्या असणारे फार झाले की भाव चढतात. जुन्या काळी त्यावर व्याजदर वाढवायचे. कर्ज महाग झालं की लोक हात आखडता घ्यायचे, आणि मग कुठे वर्ष-दीड वर्षानं भाव उतरायचे. एवढा द्राविडी प्राणायाम कशाला, असं कुणा हुशार माणसाच्या मनात आलं. ‘हवं’ हे मुळात मेंदूत तयार होतं, तर थेट तिथेच जावं! म्हणून प्रत्येकाच्या कानामागे डाळीएवढी चकती बसली. लोक तिला टिकली म्हणू लागले. टिकली सुख कमी करत नाही, लाडू गोडच लागतो. फक्त दुसऱ्या लाडवाकडे हात जात नाही. माणसाची नैसर्गिक ओढ शंभर धरायची आणि ती किती ठेवायची, ते धोरण समितीनं दर तिमाहीला ठरवायचं. तेव्हापासून तुरीच्या डाळीचा भाव हलला नाही. सुंठीवाचून खोकला गेला, म्हणून सगळे खूश झाले. पुढे दर आणखी उतरला, तसं खूश होणंही मागे पडलं.

विदुलाचे वडील आण्णा इचलकरंजीत यंत्रमागावर जॉबर होते. बिघडलेला माग ते दुरुस्त करायचे, आणि पूर्वी तो शिव्या देत दुरुस्त करायचे. न्हाणीघरात पाय घसरून त्यांचा खुबा मोडला. ऑपरेशन उत्तम झालं. आता दवाखान्यातच रोज थोडं चालायचं होतं.

“आण्णा, उठा की. चार पावलं टाका.”

“चालून कुठं जायाचं हाय?”

“घरी.”

आण्णांनी खरोखर विचार केला. “हितंबी बरं हाय की गं.”

दुखतंय का, तर तसंही नव्हतं. असंच पडून राहिले तर छातीत कफ साठेल आणि त्यातच जातील, हे डॉक्टर निगवेकरबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. दर पंच्याहत्तरवर गेला तर आण्णा उठतील, याची विदुलाला खात्री होती. मागे दर तेवढा होता, तेव्हा त्यांनी नळाच्या पाण्यावरून शेजाऱ्याशी कडाक्याचं भांडण काढलं होतं.

आणि दर वाढवणं नेमकं तिच्याच हातात आलं. धोरण समितीतली एक खुर्ची अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी राखीव असते, आणि त्या तिमाहीला चिठ्ठी विदुलाच्या नावाची निघाली. ती कारखानीस मॅडमच्या खोलीत गेली.

“मॅडम, वाढीसाठी मी बहुमत कुठून आणू?”

“बहुमत कशाला लागतंय? विरोध झाला तरच मतदान होतं. आणि विरोध करणार कोण? विरोधालाही ओढ लागते. तू हात वर करायचा आणि आकडा सांगायचा, बास.”

“इतकं सोपं आहे, तर आजवर कुणी केलं का नाही?”

मॅडमनी चष्मा पुसला. “जुन्या पुस्तकांत रोखतेचा सापळा असायचा, तुला शिकवलाय. व्याजदर शून्याला टेकले की बँकेच्या हातात काही उरायचं नाही. हा ओढीचा सापळा. समितीच्या लोकांनाही टिकली असते. सुरुवातीला नव्हती, तेव्हा लोक चिडले. आम्हाला उपास आणि यांना पंगत, असं म्हणाले. चुकीचं नव्हतं ते. पण दर खाली आणला तेव्हा तो आणणाऱ्यांना काहीतरी हवं होतं. एकदा खाली आल्यावर वर न्यायचं कुणाला हवं असणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येईल?”

मग बिस्किटाची बशी पुढे करावी तशा त्या म्हणाल्या, “तुझी टिकली एका दुपारपुरती बंद करून देणारा माणूस आहे माझ्या ओळखीत. कायद्यात बसत नाही. करायची का?”

“नको मॅडम. मला हवं असायची गरजच काय? गणित माझ्या बाजूनं आहे. आण्णा तसे पडलेत. निर्णयाला कारण पुरतं.”

ही चूक अर्थशास्त्राच्या माणसानंच करावी. कारण दाखवलं की माणूस हलतो, असं ही मंडळी पिढ्यानपिढ्या शिकवत आली आहेत. मॅडमना ते खटकलं. पण त्यांनी आग्रह केला नाही. आग्रहाला एकसष्ट पुरत नाहीत.

बैठक मुंबईत झाली. अध्यक्षांनी भाव, रोजगार, उत्पादन सगळं वाचून दाखवलं. ज्याला बदल हवा त्यानं हात वर करायचा, ‘जैसे थे’ला काहीच करायचं नाही, ही तिथली जुनी रीत. “बदलाचा प्रस्ताव आहे का कुणाचा?” असं विचारून अध्यक्षांनी एकेका चेहऱ्याकडे पाहिलं.

विदुलाला सगळं आठवत होतं. पंच्याहत्तरचा आकडा आठवत होता, त्यामागचं गणित आठवत होतं, आण्णांची खाट आठवत होती. एकेक कारण तिच्यासमोर येऊन नीट उभं राहिलं. त्यातलं एकही खोटं नव्हतं, पण एकानंही तिला ढकललं नाही. हात मांडीवर होता आणि तो तिथे ठीक होता. आता वर करावा, असं तिनं दोनदा ठरवलं. अध्यक्षांची नजर पुढे सरकली.

“जैसे थे,” अध्यक्ष म्हणाले, आणि चहा आला.

संध्याकाळी मॅडमचा फोन आला. “झालं का?”

“नाही.”

“हं. मागे मीही होते त्या समितीत, तेव्हा माझंही असंच झालं होतं. जेवून घे.”

दुसऱ्या दिवशी विदुला दवाखान्यात पोचली तेव्हा आण्णांची छाती भरलेली होती. डॉक्टर निगवेकर तिला बाहेरच्या बोळात घेऊन आल्या.

“श्वासाच्या यंत्रावर ठेवलं तर वाचतील, चांगली शक्यता आहे. नाही ठेवलं तर आजची रात्र कठीण आहे. तुमच्या सांगण्याशिवाय मला ठेवता येत नाही. तुम्हाला काय हवंय?”

विदुलानं मनात प्रामाणिकपणे शोधलं. तिला सायकलच्या दांडीवर बसवून जत्रेला नेणारे आण्णा तिथे होते. तिचा बोर्डात नंबर आला तेव्हा कारखान्यात पेढे वाटणारे आण्णाही होते. तिचं त्यांच्यावर प्रेम होतं, ते जसंच्या तसं होतं, कुठेही कमी झालेलं नव्हतं. अशा वेळी मुलगी काय म्हणते, तेही तिला ठाऊक होतं. आपल्याला रडू यायला हवं, हेसुद्धा कळत होतं.

“तुम्ही सांगाल तसं, डॉक्टर,” ती म्हणाली.

निगवेकरबाईंनीही विचार केला. चांगल्या डॉक्टर होत्या त्या. “मला तसं काही विशेष वाटत नाहीये,” त्या म्हणाल्या.

मग दोघी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. दुसरी काहीतरी म्हणेल, म्हणून दोघीही थांबल्या होत्या. आतून आण्णांची घरघर ऐकू येत होती. थांबायला दोघींपैकी कुणाचीच हरकत नव्हती.