नारिंगी कूलंट

नारिंगी कूलंट गॅरेजच्या उंबऱ्याच्या आत आणायचं नाही, आणि का ते विचारायचं नाही. इंजिनिअर होऊन ती काकांच्या गॅरेजात रुजू झाली, त्याच दिवशी बाबांनी तिला हे बजावलं होतं. घरात आणखी एक गोष्ट ठरलेली होती. काहीही बिघडलं की म्हणायचं, “मिस्त्रीचा हात लागला वाटतं!” तीस वर्षांपूर्वीचा गॅरेजातला कुणी मिस्त्री, एवढंच तिला ठाऊक. लहानपणापासून तीही तेच म्हणत आली होती.

मंगळवारची रात्र, पावणेअकरा. समोर सत्तर वर्षांची जुनी गाडी, आठ दिवस बंद. रेडिएटर तिने धुऊन रिकामा केला होता, झाकण काढून फळीवर ठेवलं होतं. इंजिन थंड ठेवणारं कूलंट भरून गाडी सकाळी द्यायची होती.

“हिरवंच का भरायचं?” तिने शेवटी विचारलंच. “मला कारण माहीत आहे. पितळी रेडिएटर, शिशाचे जोड. नवं नारिंगी त्यांना मानवत नाही. यात न विचारण्यासारखं काय आहे?”

“हिचं तोंड आहे की हॉर्न?” बाबा वैतागले.

काकांनी मात्र स्टूल पुढे ओढलं. हातात पुसायचं फडकं घेतलं.

“ऐक. माझ्या ओळखीचा एक गॅरेजवाला होता. त्याच्या मिस्त्रीचं म्हणणं, जुन्या इंजिनाला हिरवंच. पण मालकाला नव्याची हौस. दुकानदाराने नारिंगी डबा गळ्यात मारला, आणि मालकाने तो मिस्त्रीच्या नकळत एका गिऱ्हाइकाच्या जुन्या गाडीत ओतला. आतलं हिरवं न काढता.”

“कप्पाळ! दोन्ही मिसळलं की खळ होते त्याची.”

“झालीच. दुसऱ्या दिवशी चढावर गाडी तापली. मिस्त्री सोबत होता. थांबा म्हणाला, निवू दे. गिऱ्हाईक ऐकेना. शेवटी मिस्त्रीनेच झाकण फिरवलं... वाफ. दोन्ही हात.”

“मग?”

“गिऱ्हाईकाने विचारलं, हे कुणी ओतलं? मालक म्हणाला, मिस्त्रीने.”

“आणि मिस्त्री?”

“हातांकडे बघत राहिला.” काकांचा आवाज खाली गेला. “वर्षाच्या आत वारला. मग एका रात्री मालक गॅरेजात एकटाच होता. शटर बंद. मागे आवाज आला... टक. झाकण फिरल्यासारखा. वळून पाहिलं. कुणी नाही. पुन्हा... टक.”

“पुढे?”

“पुढे काही नाही.”

काका हात पुसत होते. हात स्वच्छ होते, कोरडे होते. तरी पुसतच होते.

“काका... त्या मालकाला मी ओळखते का?”

बाबांनी नजर जमिनीकडे वळवली.

तिचे कान तापले. आज सकाळीच त्या मिस्त्रीचा मुलगा, बापाची ओळख सांगत, काम मागायला आला होता. काकांनी त्याला दारातूनच परत पाठवलं. आणि ती? गंमत म्हणून, त्याला ऐकू जाईल असं, ती म्हणाली होती, “बरं झालं, नाहीतर पुन्हा मिस्त्रीचा हात लागला असता!” तो मान खाली घालून निघून गेला होता.

“उद्या मी त्याच्या घरी जाणार,” ती म्हणाली. “आधी माफी मागणार. मग कूलंट कुणी ओतलं ते सांगणार.”

“घरची गोष्ट घरात राहू दे,” बाबा म्हणाले. “गॅरेजचं नाव जाईल.”

“त्यांचं गेलं त्याचं काय?”

“मोठ्यांचं ऐकायचं असतं.”

“नाही ऐकणार.”

काकांचं फडकं थांबलं.

हिरवा डबा उचलून ती गाडीकडे वळली. आणि थांबली. फळी रिकामी होती. झाकण रेडिएटरवर होतं, घट्ट बसलेलं. गोष्ट सुरू झाल्यापासून तिघांपैकी कुणीच जागचं हललं नव्हतं.

तिने हात लावला... आणि झटकन मागे घेतला.

झाकण पोळत होतं.