धनुष्याचं दुसरं टोक

गंगारामचा कोयता माझ्याकडे राहिला होता. तो द्यायला म्हणून मी दिवस कलताना त्याच्या घरी गेलो. भातं कापून झाली होती, सगळ्या वाडीत पेंढ्याचा वास होता. आमची वाडी अलोऱ्याच्या वर, डोंगराला टेकून आहे. माणसं मुंबईला गेलेली, बरीच घरं कुलपात. माझी बायको गेल्यापासून मला बोलायला, काशी म्हणून हाक मारायला एकच माणूस उरला होता, गंगाराम. तोही फार बोलायचा नाही. आम्ही सुपारी कातरत बसायचो, एवढंच.

त्याची सून कमळा अंगणात उभी होती. डोळे रानाकडे.

"तात्या, बाबा तुमच्याकडे नाही आले?"

"नाही गो. का?"

"जेवले नि गेले. मला वाटलं तुमच्याकडेच बसलेत. आता बघते तर माळ्यावरचं धनुष्य पण नाही."

मी कोयता पायरीवर ठेवला. गंगारामला हल्ली विसर पडायचा. कधी कधी तो मेलेल्या बापाची जेवायला वाट बघायचा. रानात रात्र काढली असती तर थंडीनेच संपला असता.

"तू वरच्या वाडीतल्या माणसांना बोलाव," मी म्हटलं. "त्यांना पऱ्याच्या अंगाने, ओढा बघत उतरू दे. मी सड्याकडून, वरच्या माळाने जातो."

"एकटे?"

"त्याचं रान आहे ते. त्यानेच मला दाखवलंय. घाबरू नको."

शिकारीवर बंदी आली तेव्हा आम्ही दोघांनी धनुष्यं माळ्यावर टाकली, त्याला आता खूप वर्षं झाली. पण शिकलेलं अंगातून जात नाही. गंगाराम सांगायचा, वारा तोंडावर ठेव. मादीच्या मागे पिल्लू दिसलं तर दोरी सैल सोड. बाण लागला तरी धावू नको, खाली बस, रानाला वेळ दे. बंदुकीचा माणूस ओरडला तरी चालतं, बाणाच्या माणसाने गप्पच राहायचं. म्हणून परत येताना आमची एक रीत होती. पुढच्याने धनुष्याचं एक टोक धरायचं, मागच्याने दुसरं. हाक मारायची नाही, मागे बघायचं नाही. हाताला ओढ लागते तोवर मागे माणूस आहे.

मी चढत गेलो. करवंदीच्या जाळ्यांत अंधार आधीच येऊन बसला होता. रातकिडे सुरू झाले होते. पायांखालचा पाला वाजत होता, आणि या वयात तो न वाजवता चालणं मला जमत नव्हतं. मध्येच रातकिडे एकदम थांबले.

पुढे पाणवठ्याजवळच्या कातळावर तो बसला होता. आमची बसायची जागा तीच. पाठ माझ्याकडे, घोंगडीची खोळ डोक्यावरून ओढलेली, धनुष्य मांडीवर आडवं. माझा जीव भांड्यात पडला.

"गंग्या... मेल्या, किती शोधायचं तुला?"

तो हलला नाही.

"कमळा रडायला आलीय. चल."

तो उठला. काही न बोलता त्याने धनुष्याचं टोक माझ्याकडे केलं. सगळं विसरला होता, पण रीत विसरला नव्हता. मला भरून आलं. मी टोक धरलं आणि पुढे झालो.

उतरताना मी रीत पाळली. बोललो नाही, वळलो नाही. मागून ओल्या मातीचा वास येत होता, खणलेल्या खड्ड्यातून येतो तसा. मला वाटलं, कुठे पडला असेल, घोंगडी माखली असेल. पऱ्याच्या कडेने वाट जाते तिथे ओढ जरा घट्ट झाली. मी पाय उचलला. एकच गोष्ट मनात आली नि गेली. पाला माझ्याच पायांखाली वाजत होता.

घर उघडंच होतं. कमळा माणसांबरोबर पऱ्याकडे गेली होती. मी त्याला पडवीतल्या बाकावर बसवलं.

"दिवा लावू?"

त्याने मान हलवली. नको.

"बरं... बस. मी कमळेला सांगून येतो."

पुन्हा उठून रानात जाईल म्हणून मी पडवीच्या दाराला बाहेरून कडी घातली.

खालच्या सडकेवर बॅटऱ्यांचा उजेड दिसला. "मिळाला रे," असं सांगायला मी तोंड उघडलं, तर चार माणसं बांबूला चादर बांधून कुणालातरी आणत होती. कमळा चादरीला हात लावून चालत होती.

"तात्या, मिळाले. पऱ्यात पडले होते. पाय मोडलाय."

मी बॅटरीच्या उजेडात वाकून बघितलं. गंगाराम होता. ओठ निळे पडले होते, पण डोळे उघडे होते. छातीवर त्याचं धनुष्य होतं, मधोमध मोडलेलं.

कुणाची तरी रिक्षा आली. त्याला मागे आडवं केलं, कमळेने डोकं मांडीवर घेतलं. त्याने माझी बाही धरली.

"काशी... तू माझ्या डोक्यावरच्या वाटेने गेलास."

"कधी?"

"आत्ताच. उजेड जाताना. मी हाक मारणार होतो..."

"मग मारली का नाहीस रे?"

"तुझ्या मागच्याने खाली वाकून बघितलं." त्याचा श्वास लागला होता. "आणि ओठांवर बोट ठेवलं. मला वाटलं, शिकार जवळ आहे... म्हणून गप्प बसलो."

मी वर त्याच्या घराकडे बघितलं.

"त्याला कुठं सोडलंस?" त्याने विचारलं.

रिक्षावाला म्हणाला, चला, चिपळूणला पोचायला उशीर होईल. कमळेने बाहेर डोकं काढलं. "तात्या, घर तसंच टाकून आलेय. जरा दिवाबत्ती करा. तुम्ही आहात म्हणून काळजी नाही."

मी मान हलवली. रिक्षा गेली. माणसंही आपापल्या वाटेने गेली, आणि सडकेवर मी एकटा राहिलो. तिथून गंगारामचं घर वर सरळ दिसतं.

आधी पडवीतला बल्ब लागला. मग थोडा वेळ गेला, आणि माजघरातला. मग स्वयंपाकघरातला. घाई नव्हती. नवं माणूस घर ओळखीचं करून घेतं, तसं चाललं होतं.