सत्तावीस नंबरचा नळ

नव्या शहरातल्या माझ्या चौथ्या सकाळी इमारतीच्या दारात एक माणूस नळाला आग लावत होता.

म्हणजे, हातात छोटासा गॅसचा दिवा धरून तो नळाचं तोंड शेकत होता. येणारेजाणारे त्याच्याकडे चमत्कारिक नजरेनं बघून बाजूनं निघून जात होते. मला मात्र बरं वाटलं. समोर काय चाललंय ते या शहरात मला पहिल्यांदाच कळत होतं. आधी नळाच्या तोंडावरचे जंतू मारायचे, मग थोडं पाणी सोडून द्यायचं, मग बाटली भरायची. तपासणीसाठी पाण्याचा नमुना असाच घेतात. मी पुढं जाणार, तेवढ्यात त्यानं बाटलीचं झाकण काढलं आणि ती खळखळून धुतली. एकदा नाही, तीनदा.

“बाटली धुऊ नका,” मी म्हणाले.

त्यानं वर बघितलं. “का? तळाला पांढरं काहीतरी चिकटलंय.”

“ते मुद्दाम घातलेलं असतं. पाण्यातलं क्लोरीन थांबवायला. नाहीतर बाटली प्रयोगशाळेत पोचेपर्यंत ते आतले जंतू मारत राहतं, आणि खराब पाणीसुद्धा चांगलं ठरतं.”

तो हातातल्या बाटलीकडे बघत राहिला. मग माझ्याकडे.

“तुम्ही तिसऱ्या मजल्यावरच्या नव्या भाडेकरू ना? घरमालकीणबाई म्हणत होत्या, मुलगी अगदी अबोल आहे.”

“आहे.”

“अबोल माणूस एवढं बोललं, म्हणजे माझी चूक मोठीच असणार.”

“किती दिवस धुताय?”

“नोकरीला लागल्यापासून. दोन आठवडे.” तो उठून उभा राहिला. हसला, पण अर्धवटच. “त्याआधी सहा वर्षं पावाची गाडी चालवत होतो. तिथे काहीही धुतलं तरी कौतुकच व्हायचं.”

सोमवारी मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत रुजू झाले, तीन महिन्यांच्या बोलीवर. काम पसंत पडलं तर कायम, नाहीतर परत आईकडे. आणि पहिल्याच दिवशी मला एका माणसाची चूक सांगायची होती. रविवारभर मी ते वाक्य मनात घोळवलं होतं. पण आमच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्यांच्या दारात पोचले, तर तो आधीच त्यांच्या टेबलासमोर उभा होता.

“दोन आठवडे मी बाटल्या धुऊन आणल्या, बाई. ते सगळे निकाल रद्द करायला लागतील.”

बाईंनी चष्मा काढला. “हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

त्यानं मला दारात पाहिलं. नजर थांबली… आणि पुढं सरकली.

“एका नळावर कळलं,” तो म्हणाला.

त्या दिवसापासून मी त्याची वाट बघायला लागले. बाटल्यांची, म्हणजे. त्या साडेबाराला यायच्या.

बाकी शहर मला दाद देत नव्हतं. खोलीतल्या चार बटणांपैकी दिव्याचं कुठलं, ते हाताला कळत नव्हतं. दोनदा मी उलट्या दिशेची बस पकडली. खाटेखालची मोठी बॅग मी उघडलीच नव्हती. दर रविवारी आईचा फोन यायचा. “जमतंय ना गं? नाहीतर ये आपली. तुझं कपाट मी तसंच ठेवलंय हो.” ते तसंच ठेवलेलं कपाट मला बरंही वाटायचं आणि टोचायचंही.

नमुने घ्यायचे नळ सव्वीस होते. भिंतीवर त्यांची नुसती यादी होती. मी कागदावर त्यांचा नकाशा काढायला घेतला, आणि तो बाटल्या ठेवता ठेवता त्यात भर घालायला लागला.

“सतरा नंबर चांभाराच्या दुकानापाशी. तिथे चढ आहे, चालत जाऊ नका. वीस नंबरवर एक आजोबा बसतात, ते वेळ विचारतात. घड्याळ त्यांच्याच हातात असतं.”

“मग विचारतात कशाला?”

“कोणीतरी थांबावं म्हणून. तुम्ही थांबा.”

मी थांबले. आजोबांनी वेळ विचारली. शहरातला तो माझा पहिला ओळखीचा माणूस. पहिला म्हणजे… दुसरा.

अडचण बारा नंबरची होती. क्लोरीनची परीक्षा जागेवरच घ्यावी लागते, ती तोच घ्यायचा. नळीत पाणी घ्यायचं, एक गोळी टाकायची. क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी होतं. जितकं जास्त, तितकं गडद. बारा नंबरचं पाणी सलग तीन आठवडे जवळजवळ बिनरंगाचं राहिलं. मी तसा अहवाल लिहिला.

बाईंनी तो माझ्यापुढे परत सरकवला. “टाकी भरलेली आहे, औषध बरोबर पडतंय, आजूबाजूचे नळ ठीक आहेत. आणि नमुना आणणारा कोण? बाटल्या धुणारा. त्याची बघण्यात चूक झाली असं लिहा आणि मिटवा. हा अहवाल वर गेला आणि खोटा ठरला, तर पुढच्या महिन्यात मी तुम्हाला ठेवून घेऊ शकणार नाही.”

“बारा नंबरखाली शाळा आहे, बाई.”

“मला माहीत आहे. म्हणूनच म्हणते, नक्की असेल तरच लिहा. सोमवारपर्यंत सांगा.”

तो बाहेर जिन्यावर उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

“लिहून टाका माझ्या नावावर,” तो म्हणाला. “मला पावाची गाडी कोणीही देईल. तुम्हाला शहर बदलावं लागेल.”

“तुम्हाला गुलाबी रंग दिसतो का?”

“काय?”

“काही जणांना फिका गुलाबी दिसत नाही. विचारून घ्यायला हवं.”

त्यानं माझ्याकडे बघितलं, जरा जास्तच वेळ. “तुमचे कान आत्ता गुलाबी आहेत, मॅडम. डावा जास्त.”

मी वही छातीशी धरली. “शनिवारी सकाळी आठला. टाकीपासून सुरुवात करू.”

शनिवारी आम्ही टाकीपासून उताराला लागलो. दर नळावर नळी, गोळी, रंग. मी आकडा लिहायचे, तो गल्लीची हकिकत सांगायचा. हवेत ऊन आणि ताज्या पावाचा वास होता. त्याला ओळखणारे लोक खिडकीतून हाका मारत होते. “काय रे, आता पाव नाही, नुसतं पाणी?” एक बाई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, “आणि ही कोण?”

“माझी परीक्षा घेताहेत,” तो म्हणाला.

“मग पास हो बाबा एकदाचा.”

पाणी गुलाबी, गुलाबी, गुलाबी. बेकरीच्या कोपऱ्यावरही गुलाबी. तिथून पन्नास पावलांवर, त्याच रस्त्यावर, बारा नंबरच्या नळाला मी गोळी टाकली. आम्ही दोघं एकाच नळीवर वाकलो होतो. पाणी पाणीच राहिलं.

“मला काही दिसत नाहीये,” तो हळूच म्हणाला. “तुम्हाला?”

“मलाही नाही,” मी म्हणाले, आणि एवढ्या आनंदानं मी आयुष्यात काही न दिसल्याचं सांगितलं नव्हतं.

“या पन्नास पावलांत काहीतरी आहे,” मीच पुढं म्हणाले. “जलवाहिनी इथे अडलीय, आणि पुढच्या भागाला पाणी लांबून फिरून येतंय. वाटेतच क्लोरीन संपतं.”

तो रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला. “चार महिन्यांपूर्वी हा रस्ता खणला होता. दोन आठवडे मला गाडी वळसा घालून न्यावी लागली.” तो टाच आपटत चालायला लागला. ठक, ठक, ठक… आणि एकदम वेगळाच, पोकळ आवाज. तो थांबला. “इथे लोखंडी झाकण होतं. माझं पुढचं चाक रोज त्यावर आदळायचं. यांनी त्याच्यावरूनच डांबर ओतलंय.”

मी तिथे जाऊन टाच आपटली. पोकळ. आम्ही दोघं भर रस्त्यात टाचा आपटत होतो, आणि मागून एक सायकलवाला घंटी वाजवत होता.

सोमवारी मी अहवाल दिला. त्यात त्याची चूक नव्हती. पन्नास पावलांचा नकाशा होता. दुपारी कामगारांनी डांबर फोडलं. खालचा व्हॉल्व्ह बंद होता. खणताना बंद केलेला, पुन्हा उघडायला विसरलेला. मोठ्या बाई स्वतः आल्या होत्या. व्हॉल्व्ह उघडला, पाणी बराच वेळ वाहू दिलं, आणि बारा नंबरवर मी गोळी टाकली.

रंग असा चढत गेला, की बाईंनी नळी माझ्या हातातून घेऊन उन्हात धरली.

“उद्यापासून खिडकीजवळच्या टेबलावर बसा,” त्या म्हणाल्या. “तिथे कायमची माणसं बसतात.” मग त्याच्याकडे वळून, “आणि तुमचे डोळे ठीक आहेत.”

“कान मात्र कोणी तपासले नाहीत, बाई,” तो म्हणाला. मी नकाशात तोंड घातलं.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला मी खिडकीजवळ बसले होते. त्यानं बाटल्या ओळीनं मांडल्या. सगळ्या मांडून झाल्यावर खिशातून आणखी एक काढून माझ्यापुढे ठेवली. तिच्यावर स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, सत्तावीस.

“सत्तावीस नंबर नाहीये आपल्याकडे.”

“आहे. आमच्या स्वयंपाकघरात.” त्याचा आवाज पहिल्यांदाच जरा चाचरला. “आई म्हणाली, बाटली कशाला नाचवतोस… तपासणारीलाच घेऊन ये.”

मी बाटली उचलून उजेडात धरली. आत पाणी नव्हतं. तळाला पांढरी पूड जशीच्या तशी होती.

“धुतलेली नाही,” तो म्हणाला.

“दिसतंय. पण वेळ लिहिलेली नाही. वेळेशिवाय नमुना घेत नाहीत.”

“ती तुम्ही लिहायची. नाहीतर… नका लिहू.”

मी पेन उघडलं. लिहिलं, रविवार, सकाळी अकरा. मग बाटली त्याच्या हातात परत दिली.

“जपून ने. आणि तोवर धुऊ नकोस.”

तो दारापर्यंत गेला, थांबला, आणि त्यानं मागं वळून बघितलं. अहो-जाहो कुठं गेलं, ते त्याच्या लक्षात आलं होतं.

त्या संध्याकाळी मी खाटेखालची बॅग ओढून काढली आणि उघडली. दिव्याचं बटण हाताला पहिल्या झटक्यात सापडलं. मग रविवारची वाट न बघता आईला फोन लावला.

“आई, माझं कपाट वापरायला घे.”

“अगं, का? काय झालं?”

“काही नाही. इथे एका नळाचं पाणी तपासायचंय.”

“मग तपास की. त्याला किती वेळ लागतो?”

“लागेल,” मी म्हणाले. “बराच लागेल.”