खुंटीवरची खोटी चावी

"एकोणीस चाव्या, एकोणीस घरं. एकही घर राहता कामा नये!" असं म्हणून अज्जांनी शिवलीलाच्या हातात जड पिशवी दिली आणि ते आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. दुपारच्या जेवणालाही उठले नाहीत.

शिवलीलाला रडू येत होतं आणि रागही येत होता. सातवीची परीक्षा संपून जेमतेम आठवडा झालेला, सुट्टीचे बेत शिजत होते आणि मध्येच हे झेंगट!

तिचे अज्जा, म्हणजे आजोबा ईश्वरप्पा, गिरणीत तीस वर्षं टाइमकीपर होते. गिरणी बंद पडली, पण अज्जांची शिस्त काही बंद पडली नाही. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या त्यांच्या गल्लीत प्रत्येकाने घराची एक जादा चावी अज्जांकडे ठेवलेली असायची. त्यासाठी बैठकीत एक लाकडी फळी होती. फळीवर एकोणीस खुंट्या आणि प्रत्येक खुंटीखाली घरमालकाचं नाव, तेही सुबक ठळक अक्षरांत! रोज संध्याकाळी सहाच्या ठोक्याला अज्जा चाव्या मोजत. बारा वर्षांत एकदाही अठरा भरल्या नव्हत्या.

आणि तरीही समोरच्या कुंडलिककाकांची चार महिन्यांपूर्वी घेतलेली पांढरी कार गेली! काका घरच्यांना घेऊन रेल्वेने पुण्याला लग्नाला गेले होते. परत येऊन बघतात तर दाराला कुलूप जसंच्या तसं, फ्रीजवरची कारची चावी गायब आणि अंगणात कारच्या जागी नुसता तेलाचा डाग.

"कुलूप तोडल्यालं न्हाय, खिडकी फोडल्याली न्हाय," काका सकाळी सगळ्या गल्लीसमोर अज्जांना म्हणाले होते. "माझी चावी माझ्या खिशात. दुसरी तुमच्याकडं. म्हंजे तुमीच कुणाला तरी दिली असणार. वय झालं अज्जा, इसरला असाल!"

अज्जांनी फळीवरच्या सगळ्या चाव्या काढल्या आणि पिशवीत भरल्या, बस्स.

शिवलीलाने पहिलं दार ठोठावलं तेही कुंडलिककाकांचंच. दार त्यांच्या मुलीने, ऋतुजाने उघडलं. ती शिवलीलाची जिवाभावाची मैत्रीण, पण आज दोघींनाही एकमेकींकडे बघवेना. ऋतुजाच्या मागून तिचा आत्तेभाऊ पृथ्वीराज डोकावला. तो मोडनिंबहून सुट्टीला मामाकडे आलेला, आणि त्याच्या हाताला क्षणभर चैन म्हणून नसे.

"ही घ्या तुमची चावी," शिवलीला तुटकपणे म्हणाली.

ऋतुजाने हात पुढे करायच्या आत पृथ्वीराजने चावी पळवली आणि कडीला अडकवलेल्या कुलपात घातली. जरा हलवली, मग जोर लावला.

"आयला! ही तर फिरंना की!"

"उलटी घातली असशील!"

"उलटी घातली, सुलटी घातली. ही ह्या कुलपाची चावीच न्हाय!"

तिघांनीही आळीपाळीने खटपट करून पाहिली. चावी त्याच कंपनीची, तेवढ्याच लांबीची, पण दाते वेगळे होते!

"म्हणजे अज्जांनी कुणालाच चावी दिली नाही!" ती ओरडली. "कुणीतरी खरी काढून घेतली आणि तिच्या जागी ही अडकवली! अज्जा रोज मोजत होते, एकोणीस भरत होत्या. पण लावून कोण बघतंय?"

"चल, बाकीच्या अठरा लावून बघू!" ऋतुजा म्हणाली आणि तिने पायात चपला सरकवल्या.

डोक्यावर त्रेचाळीस अंशांचं ऊन घेऊन तिघांनी गल्ली पालथी घातली. सतरा कुलपं खटाखट उघडली. अठरावं अडून बसलं. ते होतं वैजयंतीकाकूंचं, गल्लीच्या टोकाच्या घराचं! काकू एकट्याच राहायच्या आणि त्यांच्या अंगणात लाल कार उभी होती.

"अगंबाई! म्हणजे चोराकडे माझ्या घराची चावी आहे?" काकू मटकन खाली बसल्या. "तरी मी म्हणतच होते, तो कूलरवाला सिद्धाराम! मागच्याच आठवड्यात सगळ्यांच्या कूलरचं गवत बदलून गेला. कुंडलिकलाही त्याचाच संशय आहे."

"काकू, कूलर कुटं असतो?" पृथ्वीराजने विचारलं.

"खिडकीत."

"खिडकीच्या आत का भायेर?"

"बाहेर. अरे, पण..."

"मग सिद्धारामकाका घरात आलेच नाहीत!" शिवलीलाने टाळी वाजवली. "आमच्या कूलरचं काम त्यांनी बोळात उभं राहून केलं. चहासुद्धा मी त्यांना बाहेरच नेऊन दिला. फळी तर बैठकीत आहे!"

मग बैठकीत बसलं कोण? हे सांगू शकणारा एकच माणूस होता आणि तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. शिवलीलाने त्यांच्या उशाशी बसून सगळं सांगितलं. खोटी चावी ऐकताच अज्जा ताडकन उठून बसले.

"सोमवारी अकरा दहा ते अकरा पंचेचाळीस," ते डोळे मिटून म्हणाले. गिरणीतली सवय, दुसरं काय! "गुरुवारी चार पाच ते साडेचार. दोन्ही वेळा अजिंक्य सर. दोन्ही वेळा प्यायला पाणी मागितलं, आणि मी आणायला आत गेलो."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. अजिंक्य सर! पांढरा शर्ट, गळ्यात टाय, त्यावर ओळखपत्र. 'मोफत गृहसुरक्षा पाहणी' करायला आलेले हे गोडबोले सर गल्लीत सगळ्यांना इतके आवडले होते, की लोकांनी त्यांना आमरस वाढला होता. त्यांनी प्रत्येक घरात एक फॉर्म भरून घेतला होता. तिघं पुन्हा वैजयंतीकाकूंकडे धावली, तर त्यांच्याकडे त्याची प्रत निघाली. ऋतुजा मोठ्याने वाचायला लागली.

"घरात माणसं किती? गाडी कोणती? गाडीची चावी कुठे ठेवता? घराची जादा चावी कुणाकडे असते? बाहेरगावी कधी जाणार? काकू, हे सगळं तुम्ही लिहून दिलंत?"

"सुरक्षेसाठी विचारत होता गं तो!" काकूंचा चेहरा पडला. "गावाला जाताना मला फोन करा म्हणाला, आमची माणसं लक्ष ठेवतील."

"लई बेस लक्ष ठिवलं!" पृथ्वीराज खो खो हसत सुटला. काकूंनी डोळे वटारले, पण मग त्यांनाही हसू आलं.

"काकू, त्याला फोन करा," शिवलीला म्हणाली. "उद्या तीन दिवसांसाठी गावाला चालले म्हणून सांगा. पण फक्त त्यालाच! दुसऱ्या कुणाच्या कानावर घालायचं नाही. मग उद्या जो कोणी येईल, तोच चोर!"

काकूंच्या पोटात तीळ भिजत नसे हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. पण त्या दिवशी त्यांनी कमाल केली. एकच फोन केला आणि रात्रभर तोंडाला कुलूप! दुसऱ्या दिवशी दहाला बॅग घेऊन रिक्षात बसल्या, सात रस्त्याला वळसा घालून मागच्या बोळाने परत आल्या आणि थेट शेजारच्या गच्चीवर चढल्या. तिथे पाण्याच्या टाकीच्या सावलीत तिघं दबा धरून बसली होती. मागच्या दाराला पृथ्वीराजने आधीच बाहेरून कुलूप घातलं होतं. खाली बोळात सिद्धारामकाका कूलर उघडून बसले होते. आपल्यावर आळ आल्याचं कळल्यापासून ते धुमसत होते. "पोरांनो, तुमी नुसती हाक मारा," ते म्हणाले होते.

एक वाजला, दोन वाजले. सोलापूरच्या मे महिन्यात दुपारी दोनला गल्लीत कुत्रंसुद्धा फिरकत नाही. सगळी दारं बंद, कूलरची घरघर तेवढी चालू.

"आला नाही तर?" काकू कुजबुजल्या. त्यांची कुजबुज चार घरांत ऐकू जाईल अशी होती.

"शू! काकू!"

फाटक करकरलं. पांढरा शर्ट, टाय, हातात फाईल! अजिंक्य सरांनी इकडे तिकडे पाहिलं, खिशातून चावी काढली आणि स्वतःच्या घरात शिरावं तशा झोकात कुलूप उघडलं. मग ते उघडं कुलूप कडीतच अडकवून दार ढकललं नि आत गेले. कुलूप कडीला लटकवून आत जायची सवय सगळ्या गल्लीला होती. चोरालाही तीच निघाली!

ठरलं होतं पोलिसांना फोन करायचं. ऋतुजाने ११२ फिरवलासुद्धा. पण शिवलीलाची नजर त्या लटकणाऱ्या कुलपावर खिळली. कारची चावी मिळवून तो दोन मिनिटांत निघून जाईल. हा निसटला, तर अज्जा पुन्हा कधी मान वर करून गल्लीतून चालणार नाहीत!

ती धडाधड जिना उतरली. चपला हातात घेऊन, भाजणाऱ्या फरशीवरून चवड्यांवर दारापर्यंत गेली. आतून कपाट उघडल्याचा आवाज आला. तिने कुलूप काढलं, दार हळूच ओढून कडी घातली. कडी किंचित वाजली.

"कोण आहे?" आतून आवाज आला.

खट्ट! शिवलीलाने कुलूप दाबलं.

"सिद्धारामकाका!" ती जिवाच्या आकांताने ओरडली.

सिद्धाराम दाराशी धावले आणि पाठ लावून उभे राहिले. आतून धडका सुरू झाल्या. गच्चीवरून काकू "चोर! चोर!" असं ओरडायला लागल्या आणि त्यांचा तो आवाज ऐकून अख्खी गल्ली झोपेतून उठून बाहेर पळाली.

"अहो, मी सुरक्षा तपासायला आलोय!" अजिंक्य खिडकीच्या गजांमागून म्हणाला.

"मग तपासा की निवांत! दार लई मजबूत हाय!" पृथ्वीराज म्हणाला.

पोलिसांची गाडी पंधरा मिनिटांत आली. अजिंक्यच्या फाईलमध्ये गल्लीतल्या सगळ्या घरांचे फॉर्म, खिशात निरनिराळ्या कुलपांच्या चाव्यांचा जुडगा आणि काकूंच्या कारची चावीही सापडली. संध्याकाळपर्यंत तो पोपटासारखा बोलला. कुंडलिककाकांची पांढरी कार मोडनिंबच्या अलीकडे एका पत्र्याच्या शेडमध्ये मिळाली.

"माझ्याच गावाजवळ! आता शाळेत तोंड कसं दाखवू?" पृथ्वीराज म्हणाला आणि सगळे हसले.

"शाब्बास रे पोरांनो!" फौजदारबाईंनी तिघांची पाठ थोपटली. "पण पुढच्या वेळी आधी आम्हाला फोन आणि मग सापळा! आणि मोठ्यांनो, गाडीची चावी कुठे असते, हे परक्याला लिहून देतं का कुणी? चाव्यांखाली नावं लिहितं का कुणी?"

मोठी माणसं शाळेतल्या मुलांसारखी खाली माना घालून उभी होती. अज्जा पुढे झाले. "नावं मीच लिहिली होती, बाई. आणि मी नुसत्या मोजत राहिलो. चूक माझीही आहे."

"न्हाय अज्जा," कुंडलिककाका म्हणाले. "चूक माझी. बारा वर्सं घर तुमच्या भरवशावर ठिवलं आन एका सकाळी तोंडाला यील ते बोललो. सिद्धाराम, तुलाबी. मला माफ करा."

सिद्धाराम नुसते हसले. काकांनी खिशातून नवी कोरी चावी काढली आणि अज्जांपुढे धरली. "नवीन कुलपाची हाय. घ्याल का?"

अज्जांनी हात पुढे केला नाही. अज्जांनी चावीकडे बघितलं, मग काकांकडे, आणि मग नातीकडे.

"शिवलीला, जा. कुलपाला लावून बघ."

ती चावी घेऊन पळत समोरच्या दाराशी गेली. चावी घातली, फिरवली.

"लागली, अज्जा! लागली!"

अज्जांनी तिच्या हातून चावी घेतली आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली. मग त्यांनी मनगटावरच्या घड्याळात बघितलं. सहाला पाच मिनिटं होती. "बाकीच्यांनीही आपापल्या आणा," ते म्हणाले, "पण रांगेत या."